फक्त दोन स्टार?

एप्रिल आला की ऑफिसात सगळे एकमेकांशी जरा जास्तच गोड बोलायला लागतात. कारण सांगायला नकोच. अप्रेजल! वर्षभर मान मोडून केलेलं काम, रविवारी सकाळी दिलेली मेलची उत्तरं, क्लायंटची ऐकून घेतलेली बोलणी, या सगळ्याचं मिळून शेवटी हातात काय पडतं, तर एक आकडा. पाचपैकी तीन. फार तर साडेतीन. आणि हा आकडा ज्यानं दिला त्याला आपण नेमकं काय काम करतो हे माहीत तरी आहे का, हा प्रश्न आपण कॅन्टीनमध्ये एकमेकांना विचारतो. बॉसला अर्थातच नाही.

या आठवड्यात अशाच पाचपैकी मिळालेल्या मार्कांची गोष्ट. फरक इतकाच, की हे मार्क चक्क छापून यायचे. आणि ज्यांना मिळायचे त्यांची नावं होती माइल्स डेव्हिस, डेव्ह ब्रूबेक, ऑर्नेट कोलमन, जॉन कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी. जॅझशी तुमचा संबंध फक्त कॉफी शॉपमध्ये मागे काहीतरी वाजत असतं एवढाच असला, तरी हरकत नाही. वाचत राहा.

मार्क देणारं नियतकालिक म्हणजे 'डाउनबीट'. १९३४ साली शिकागोत सुरू झालेलं. जॅझच्या धंद्यातला प्रत्येक माणूस ते वाचायचाच. वादक वाचायचे, क्लबवाले वाचायचे, रेकॉर्ड कंपन्यांचे सेल्समन वाचायचे. नवी एलपी आली की तिचं परीक्षण यायचं आणि सोबत स्टार. पाच म्हणजे उत्कृष्ट, चार म्हणजे खूप चांगली, तीन चांगली, दोन बरी, एक वाईट. आपल्याकडे शुक्रवारी सिनेमे लागतात आणि शनिवारच्या पेपरात स्टार येतात, तसाच प्रकार. एक मात्र लक्षात घ्या. परीक्षण लिहिणारा माणूस काही ती एलपी वर्षभर ऐकून मग लिहायला बसत नसे. अंक निघायचा असे, टेबलावर एलपींची थप्पी असे. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखाच, डेडलाइनखाली काम करणारा नोकरदार माणूस!

तर साल १९५९. जॅझवाले या सालाचं नाव जरा आदरानंच घेतात. न्यू यॉर्कमध्ये ३०व्या रस्त्यावर कोलंबिया रेकॉर्ड्सचा स्टुडिओ होता. पूर्वीचं चर्च, त्यामुळे छत उंच आणि आवाजाला घुमायला भरपूर जागा. त्या एका वास्तूत, त्या एका वर्षात, माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', चार्ल्स मिंगसचा 'मिंगस आह अम' आणि डेव्ह ब्रूबेकचा 'टाइम आउट' असे तीन अल्बम रेकॉर्ड झाले. एखाद्या स्टुडिओनं एका वर्षात याहून जास्त काय करावं?

'काइंड ऑफ ब्लू'चं काम दोन दिवसांत उरकलं. २ मार्च आणि २२ एप्रिल. त्या काळच्या जॅझमध्ये वादकांना भराभर बदलणाऱ्या कॉर्ड्सच्या मागे पळावं लागायचं. माइल्सनं ते पळणं बंद केलं. एक सप्तक धरायचं आणि त्यात निवांत फिरायचं. घरात कुणी पेटी शिकलं असेल तर त्यांना 'सो व्हॉट' ऐकवा. पहिले १६ बार म्हणजे सरळसरळ काफी थाटाचे सूर. मग ८ बार तेच सगळं अर्ध्या सुरानं वर, आणि परत ८ बार खाली. बास, एवढंच. न्यू यॉर्कमध्ये ही क्रांती होती. आपल्याकडे आजोबा म्हणतील, 'यात काय नवीन? आम्ही तर कायम असंच ऐकतो.'

या अल्बमला 'डाउनबीट'नं पाच स्टार दिले. म्हणजे परीक्षकानं बरोबर ओळखलं की! ओळखलं, पण किती? पाच स्टार त्या काळात इतरही एलपींना मिळायचे. पन्नास-साठ वर्षांनी कुणी 'जॅझ म्हणजे काय हो?' असं विचारलं की त्याच्या हातात हीच रेकॉर्ड ठेवली जाईल, किंवा २०१९मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड उद्योगाची संघटना तिला ५० लाख प्रतींचं सर्टिफिकेट देईल, हे त्या पाच चांदण्यांत कुठे दिसणार होतं?

आणि एक गंमत सांगतो. २ मार्चला स्टुडिओतलं मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. त्यामुळे एलपीच्या पहिल्या बाजूची तिन्ही गाणी ऐकताना मूळ सुरापेक्षा जराशी चढी लागायची. ही चूक दुरुस्त करून अल्बम बाजारात आला तो १९९०च्या दशकात! तीस वर्षांहून जास्त काळ जग ज्याला निर्दोष म्हणून डोक्यावर घेत होतं, तो अल्बम बेसूर नव्हे, पण चढा वाजत होता. सोबत ट्रम्पेट घेऊन वाजवायला बसणाऱ्यांची काय पंचाईत झाली असेल!

पण खरी मजा आहे ती 'टाइम आउट'ची. आणि तिचा धागा थोडासा आपल्या मुंबईतूनही जातो.

१९५८ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं ब्रूबेक आणि त्याच्या चौकडीला जगाच्या दौऱ्यावर पाठवलं. शीतयुद्धाचे दिवस. रशियाकडे बॅले असेल तर आमच्याकडे जॅझ आहे, असा एकूण हिशोब. पोलंड, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत, श्रीलंका. मुंबईत ब्रूबेक सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर बसून वाजवून गेला. इस्तंबूलमध्ये त्यानं रस्त्यावरच्या वादकांना नऊ मात्रांचा ठेका धरताना ऐकलं. दोन-दोन-दोन-तीन, दोन-दोन-दोन-तीन. अमेरिकन जॅझ तोवर बहुतेक सगळा चारात चालायचा, कधीमधी तीनात. ब्रूबेकच्या डोक्यात किडा वळवळला, की आपण एक अख्खा अल्बम वेगळ्या मात्रांचा करायचा.

आता पुढचा भाग वाचताना तुम्हाला तुमची शेवटची प्रॉडक्ट मीटिंग आठवली तर दोष माझा नाही. कंपनीच्या सेल्सवाल्यांनी तीन हरकती घेतल्या. एक, अल्बममध्ये सगळी नवी गाणी आहेत, लोकांच्या ओळखीचं एकही नाही. दोन, या ठेक्यांवर कुणाला नाचता येणार नाही. तीन, कव्हरवर फोटोऐवजी हे मॉडर्न पेंटिंग कशाला? (ते पेंटिंग नील फुजिता यांचं. आज लोक ते फ्रेम करून घरात लावतात.) शेवटी कंपनीचे अध्यक्ष गॉडर्ड लीबरसन ब्रूबेकच्या बाजूनं उभे राहिले. पण तडजोड झालीच. आधी जुन्या, ओळखीच्या गाण्यांचा एक सेफ अल्बम करून द्यायचा, मग हे प्रयोग. ब्रूबेकनं दिला. डिसेंबर १९५९मध्ये 'टाइम आउट' बाजारात आला.

एप्रिल १९६०मध्ये 'डाउनबीट'मध्ये परीक्षण छापून आलं. लिहिणारा आयरा गिटलर. मार्क? पाचपैकी दोन!

म्हणजे 'बरा आहे'. बॉस लोक ज्याला 'मीट्स सम एक्स्पेक्टेशन्स' म्हणतात ते.

इथे गिटलरला मूर्ख ठरवून पुढे जाणं फार सोपं आहे. पण मला ते पटत नाही. हा माणूस कच्च्या कानाचा मुळीच नव्हता. १९५८ साली कोल्ट्रेनच्या वादनाचं वर्णन करताना त्यानंच 'शीट्स ऑफ साउंड' हा शब्दप्रयोग केला होता. आवाजाच्या चादरीच्या चादरी अंगावर याव्यात तसं वाजवणं. आजही कोल्ट्रेनवर कुणीही लिहायला बसला की हे दोन शब्द येतातच. असा माणूस ब्रूबेकवर नाराज का झाला?

'टेक फाइव्ह' लावा आणि फक्त पियानो ऐका. पॉल डेस्मंडचा सॅक्सोफोन विसरा, जो मोरेलोचा ड्रम विसरा. (कठीण आहे, पण करून बघा.) पियानो पाचही मिनिटं तीन-दोन, तीन-दोन असा एकच तुकडा वाजवत राहतो. ब्रूबेक स्वतः सोलो घेतच नाही. आपल्याकडे हार्मोनियमवाला तबल्याच्या सोलोला लेहरा धरून बसतो ना, तसं. आणि आपण ते समजूनच ऐकतो, कारण लेहऱ्याचं कामच ते. डेस्मंडनं हे गाणं लिहिलं तेच मुळी मोरेलोला ड्रम सोलोसाठी जागा मिळावी म्हणून. पण ज्याच्या मते जॅझ पियानो म्हणजे बड पॉवेलसारखं धावणं, झुलणं, क्षणाक्षणाला नवं काहीतरी काढणं, त्याला हा लेहरा कसा वाटेल? घरकामासारखा. दुसरं म्हणजे 'ब्लू रोन्डो'मध्ये नऊ मात्रा मोजत मोठ्या थाटात सुरुवात होते आणि सोलो सुरू झाले की गाडी मुकाट्यानं चारावर येते. मग प्रयोग तो कुठे राहिला, असं कुणी विचारलं तर ते अगदीच चूक म्हणता येत नाही.

दहा मात्रांचा झपताल आणि सात मात्रांचा रूपक ऐकत वाढलेल्या माणसाला तर पाच-नऊचं एवढं कौतुक कशाला, असंही वाटू शकेल. म्हणजे गिटलरच्या कानाला जे खटकलं ते खरंच तिथे होतं. फक्त त्यापलीकडे आणखी जे होतं, डेस्मंडचा तो थंडगार, किंचित उदास सूर, मोरेलो दोन ठोक्यांच्या मध्ये ठेवत असलेली ती प्रचंड शांतता, त्याला दोन स्टारांत जागा मिळाली नाही.

आणखी एक गोष्ट होती, स्टारांच्या बाहेरची. ब्रूबेक गोरा होता, कॉलेजच्या पोरांचा लाडका होता आणि नोव्हेंबर १९५४मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला होता. कृष्णवर्णीयांनी घडवलेल्या संगीताचा चेहरा म्हणून हा? ड्यूक एलिंग्टन शिल्लक असताना? जॅझच्या गोटात याबद्दल धुसफुस होती. आणि गंमत म्हणजे खुद्द ब्रूबेकलाही हेच वाटत होतं. त्या दिवसांत तो आणि एलिंग्टन एकाच दौऱ्यावर होते. डेन्व्हरच्या हॉटेलात सकाळी दारावर टकटक झाली. उघडून बघतो तो समोर साक्षात एलिंग्टन, हातात 'टाइम'चा तो अंक! ब्रूबेक आयुष्यभर हा प्रसंग सांगायचा, आणि सांगताना त्याला लाजच वाटायची. एलिंग्टनचा नंबर लागला तो ऑगस्ट १९५६मध्ये. पुढे १९६० साली दक्षिणेतल्या कॉलेजांनी ब्रूबेकला सांगितलं, की तुमचा कृष्णवर्णीय बेसवादक यूजीन राइट स्टेजवर चालणार नाही. ब्रूबेकनं त्या दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम सोडून दिले. याला कुणी स्टार देत नाही.

असो. दोन स्टारचं पुढे काय झालं? काही म्हणजे काहीच झालं नाही! १९६१मध्ये 'टेक फाइव्ह'ची सिंगल बिलबोर्डच्या यादीत २५व्या नंबरवर पोचली. जॅझच्या गाण्यानं पॉपच्या यादीत! 'टाइम आउट' अल्बमच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत गेला. डेस्मंड १९७७ साली गेला, तेव्हा त्यानं आपल्या मानधनाचा पुढचा ओघ अमेरिकन रेडक्रॉसच्या नावानं करून ठेवला होता. म्हणजे आज तुम्ही जिममध्ये ट्रेडमिलवर 'टेक फाइव्ह' ऐकलंत, तर कुठेतरी रक्तदानाला हातभार लागतो म्हणा ना.

हे सगळं वाचून 'समीक्षकांना काही कळत नाही, पब्लिकच खरं' असं वाटलं असेल तर जरा थांबा. ब्रूबेकला दोन स्टार परवडले, कारण त्याच्या मागे कंपनीचा अध्यक्ष होता, अख्ख्या अमेरिकेतली कॉलेजं होती आणि खप होता. ज्याच्या मागे यातलं काहीच नाही, त्याचं काय?

ऑर्नेट कोलमन टेक्सासहून आलेला. हातात पांढरा प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन. नोव्हेंबर १९५९मध्ये तो न्यू यॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' नावाच्या छोट्या क्लबात दोन आठवड्यांसाठी वाजवायला आला आणि मुक्काम अडीच महिने लांबला. लेनर्ड बर्नस्टाइनसारखा मोठा कंडक्टर ऐकून वेडा झाला. माइल्स डेव्हिससारख्यांनी नाकं मुरडली. याच्या संगीतात कॉर्ड्सचा पिंजराच नव्हता. धून वाजवायची आणि मग मनात येईल तिकडे निघायचं. डिसेंबर १९६०मध्ये त्यानं 'फ्री जॅझ' रेकॉर्ड केला. एक चौकडी डाव्या स्पीकरमधून, दुसरी उजव्या स्पीकरमधून, आठ जण मिळून सलग ३७ मिनिटं. कव्हरवर जॅक्सन पोलॉकचं चित्र.

'डाउनबीट'नं यावर एक नामी युक्ती काढली. जानेवारी १९६२च्या अंकात त्यांनी शेजारीशेजारी दोन परीक्षणं छापली. पीट वेल्डिंगनं दिले पाच स्टार. जॉन टायननं दिले... शून्य. एकही नाही! एकच रेकॉर्ड, एकच अंक, एकच पान. मला विचाराल तर मासिकानं केलेलं हे सगळ्यात प्रामाणिक काम. वाचकाला सरळ सांगितलं, की आमच्यातच एकमत नाही, तुमचं तुम्ही बघा. तुमच्या अप्रेजलमध्ये दोन मॅनेजर असे समोरासमोर बसवले तर? एचआरवाल्यांनो, वाचताय ना?

(कोलमनला २००७ साली पुलित्झर मिळालं. २०१५मध्ये तो गेला.)

आता या टायनसाहेबांचाच आणखी एक किस्सा, आणि तो इतका गमतीचा नाही. नोव्हेंबर १९६१च्या अंकात त्यांनी कोल्ट्रेनचा हॉलिवूडच्या क्लबातला कार्यक्रम ऐकून लेख लिहिला. कोल्ट्रेनच्या सोबत तेव्हा एरिक डॉल्फी होता. आल्टो सॅक्सोफोन, बासरी आणि बेस क्लॅरिनेट, तिन्हींवर हुकमत असलेला लॉस एंजेलिसचा पोरगा. टायननी या दोघांच्या वादनाला एक शब्द वापरला. अँटी-जॅझ. जॅझविरोधी. जॅझचा नाश करायला निघालेलं संगीत.

शब्द छोटा, चटकदार, हेडलाइनला फिट्ट. झालं! लोकांनी उचलला.

कमाल बघा, त्याच महिन्यात, नोव्हेंबर १९६१मध्ये, हेच दोघं न्यू यॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या तळघरातल्या क्लबात वाजवत होते आणि टेप चालू होती. त्यातलं एक गाणं आहे 'इंडिया'. दोन बेस एकदम, तंबोऱ्यासारखा खर्ज धरून बसलेले, वर कोल्ट्रेन आणि डॉल्फीचा बेस क्लॅरिनेट. कोल्ट्रेन तेव्हा रविशंकरांचं संगीत मन लावून ऐकत होता. पुढे १९६५मध्ये मुलगा झाला त्याचं नावही त्यानं रवी ठेवलं. आपल्या कानाला 'इंडिया' म्हणजे काही राग वाटत नाही, वाटायची गरजही नाही. पण एका सुरावर पंधरा मिनिटं मांड ठोकून बसण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. टायनच्या कानाला ती परकीच होती. पाश्चात्त्य कानाला इतका वेळ 'पुढे' न जाणारं संगीत म्हणजे अडकलेली रेकॉर्ड.

त्याच क्लबातल्या रेकॉर्डिंगचा अल्बम १९६२मध्ये आला, तेव्हा 'डाउनबीट'नं पुन्हा दोन परीक्षणं छापली. वेल्डिंग साडेतीन, गिटलर अडीच. होय, 'शीट्स ऑफ साउंड'वाला गिटलर! चार वर्षांत कोल्ट्रेन इतका पुढे गेला होता, की त्याच्यासाठी शब्द घडवणारा माणूसही मागे राहिला. मला या अडीच स्टारांचं वाईट वाटतं. शून्यात निदान राग असतो. अडीचमध्ये नुसतं थकलेपण.

एप्रिल १९६२मध्ये मासिकाचा संपादक डॉन डिमायकल यानं दोघांना उत्तर द्यायची संधी दिली. दोघं चिडले नाहीत, शांतपणे बोलले. डॉल्फीनं सांगितलं, की घरी सराव करताना बाहेर पक्षी शीळ घालायचे, मग तो हातातलं काम थांबवून त्यांच्याबरोबर वाजवायचा. ज्या माणसावर संगीताचा नाश करत असल्याचा आरोप होता, तो पाखरांबद्दल बोलत होता.

मग १९६३ साली लेरॉय जोन्स या तरुण कृष्णवर्णीय लेखकानं (पुढे अमिरी बराका म्हणून प्रसिद्ध) याच 'डाउनबीट'मध्ये मुळावरच घाव घातला. जॅझचे बहुतेक महत्त्वाचे वादक काळे आणि बहुतेक समीक्षक गोरे, हे कसं? सूर मोजता येतात, पण ते सूर ज्या जगण्यातून आले ते माहीत नसेल तर तुम्ही नेमकं काय ऐकलंत? लेख खणखणीत होता आणि मासिकानं तो छापला, हेही नोंदवायला हवं. मला त्यातलं सगळं पटत नाही. 'फ्री जॅझ'ला पाच स्टार देणारा वेल्डिंगही गोराच होता. पण 'अँटी-जॅझ' हा शब्द वाचताना जोन्सचा प्रश्न मनातून जात नाही. ज्यांनी हे संगीत जन्माला घातलं त्यांच्यातल्याच दोघांना, हे जॅझच नव्हे, असं सांगायचा अधिकार टायनला कुणी दिला?

कोल्ट्रेन तरला. त्याचं नाव मोठं होतं, मागे इम्पल्स ही रेकॉर्ड कंपनी भक्कम होती. मधल्या काळात त्यानं हळुवार गाण्यांचा 'बॅलड्स' केला, एलिंग्टनबरोबर एक अल्बम केला, गायक जॉनी हार्टमनबरोबर एक. टीकाकारांची तोंडं बंद व्हावीत म्हणून हे केलं, असं म्हटलं जातं. डिसेंबर १९६४मध्ये त्यानं 'अ लव्ह सुप्रीम' रेकॉर्ड केला. डिमायकलनंच पाच स्टार दिले आणि १९६५च्या वाचकांच्या कौलात वर्षातला सर्वोत्तम अल्बमही तोच.

डॉल्फीचं तसं नव्हतं. १९६२च्या सुरुवातीला तो कोल्ट्रेनच्या बँडमधून बाहेर पडला. स्वतःचा बँड टिकवण्याइतकं काम मिळेना. क्लबचा मालक काही स्वतः बसून एलपी ऐकत नाही हो, तो ऐकीव गोष्टींवर चालतो. 'तो ना? तो अँटी-जॅझवाला.' एवढं पुरतं. आपल्या ऑफिसात नाही का, एकदा 'डिफिकल्ट आहे' असं कुणी म्हणून गेलं की पुढच्या तीन प्रोजेक्टमध्ये नाव मागे पडतं?

२५ फेब्रुवारी १९६४ला त्यानं ब्लू नोट कंपनीसाठी 'आउट टू लंच' रेकॉर्ड केला. ड्रमवर टोनी विल्यम्स, वय वर्षं १८! कव्हरवर दुकानाच्या दाराला लावतात तसली 'परत येतो' पाटी, आणि त्यावरच्या घड्याळाला भलत्याच दिशांना सात काटे. मग तो मिंगसच्या बँडबरोबर युरोपला गेला आणि दौरा संपल्यावर तिकडेच राहिला. तिकडे आपलं संगीत वाजवायला काम मिळतं आणि इथे काही वेगळं केलं की लोक खाली खेचतात, असं त्यानं जायच्या आधी सांगून ठेवलं होतं. जून १९६४मध्ये 'डाउनबीट'च्या ब्लाइंडफोल्ड टेस्टमध्ये, म्हणजे नाव न सांगता रेकॉर्ड ऐकवून मत विचारायच्या सदरात, माइल्स डेव्हिसनं डॉल्फीला अगदी लागेल असं बोलून घेतलं. त्याच महिन्याच्या २९ तारखेला पश्चिम बर्लिनमध्ये डॉल्फी गेला. निदानच न झालेला मधुमेह. वय ३६.

'आउट टू लंच' त्यानंतर बाजारात आला. त्या वर्षीच्या कौलात 'डाउनबीट'च्या वाचकांनी हॉल ऑफ फेमसाठी नाव निवडलं ते एरिक डॉल्फीचं.

आता ऐकायचं कसं? सगळं फोनवर मिळतं, सबब नको. एका रविवारी सकाळी 'टेक फाइव्ह' आणि 'सो व्हॉट'. ते सगळ्यांनाच आवडतं, सासूबाईंनाही. मग 'अ लव्ह सुप्रीम', ३३ मिनिटांचा आहे, मध्ये व्हॉट्सअॅप बघायचं नाही. 'फ्री जॅझ' हेडफोनवरच, कारण डावं-उजवं कळलं तरच मजा. आणि ऐकताना टायनचं शून्य आणि वेल्डिंगचे पाच, दोन्ही डोक्यात ठेवा. दर पाच मिनिटांनी तुमचं मत बदलेल. 'इंडिया' मात्र रात्री, दिवे घालवून. तंबोऱ्यासारखे ते दोन बेस सुरू झाले, की थोड्या वेळानं डॉल्फीचा बेस क्लॅरिनेट खालून वर येतो, जरा घोगरा, जरा खट्याळ, मध्येच पाखरासारखा उडी मारणारा. तेवढं ऐका.